क्लचच्या पेडलामागचा खटका

मोटार सुरू करणें ही आज इतकी सोपी गोष्ट झाली आहे कीं, त्या क्रियेंत कांहीं धोका असूं शकेल हें बहुतेकांच्या मनांतहि येत नाहीं. किल्ली फिरविली, इंजिन घुरघुरलें, गाडी निघाली. परंतु किल्ली फिरल्यापासून इंजिन चालूं लागेपर्यंतचा जो दोन-तीन सेकंदांचा काळ असतो, त्या काळांत गाडी कोणाच्या ताब्यांत असते? चालकाचा पाय ब्रेकवर असेलच असें नाहीं, आणि गिअरची दांडी कोठें आहे हें त्यानें पाहिलें असेलच असेंहि नाहीं. या दोन-तीन सेकंदांची राखण करण्यासाठीं क्लचच्या पेडलामागें एक लहानसा खटका बसविण्याची युक्ति निघाली. हा खटका सुपारीच्या खांडाहून फारसा मोठा नसतो. पण तो ज्या गाडीला नाहीं, किंवा ज्या गाडीचा तो कोणीतरी निकामी करून ठेवला आहे, अशी गाडी घरीं असणारांनीं त्याचें काम समजून घेणें अगत्याचें आहे.

या खटक्याचें महत्त्व ध्यानांत येण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. मोटारीच्या पहिल्या काळांत इंजिन हातानें फिरवावें लागे. गाडीच्या नाकासमोर उभें राहावयाचें, लोखंडी हँडल इंजिनाच्या दंडांत अडकवावयाचें आणि तें जोरानें वर ओढावयाचें, असा तो प्रकार होता. हँडलानें उलटा झटका दिला तर मनगट मोडे. आणि गाडी चुकून गिअरमध्यें राहिली असली, तर इंजिन चालूं होतांच ती हँडल मारणाराच्याच अंगावर येई. म्हणून हँडल हातांत घेण्यापूर्वीं गिअरची दांडी हलवून पाहणें हा जुन्या ड्रायव्हरांचा व क्लीनरांचा नित्यनेम होता. ज्याच्या हातीं गाडी सुरू करण्याचें काम, त्याच्याच जिवाला धोका. म्हणून काळजीहि तोच घेई.

१९१२ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीनें चार्ल्स केटरिंग यांनीं तयार केलेला विजेचा स्टार्टर आपल्या गाड्यांना बसविला. आपल्याकडील मिस्त्री लोक ज्याला 'सेल्फ' म्हणतात तोच हा. हँडलाची दगदग संपली, मनगटें वांचलीं, ज्यांच्या अंगांत हँडल मारण्याइतकें बळ नव्हतें, तींहि माणसें मोटार चालवूं लागलीं. हा लाभ लहान नव्हता. पण धोका मात्र नाहींसा झाला नाहीं. त्यानें केवळ जागा बदलली. गाडी सुरू करणारा आतां आंत, गादीवर, सुरक्षित बसला. आणि धोका सरकला तो गाडीपुढें सहज उभ्या असलेल्या माणसाकडे. फाटक उघडणारी आई, बॉनेटवरची धूळ पुसणारा नोकर, चेंडू शोधीत चाकाशीं वांकलेलें मूल, यांना आंत बसलेल्याच्या बोटांत काय चाललें आहे याची कल्पना नसते. ज्याला भय नाहीं त्याच्या हातून सावधगिरी सुटते, हा मनुष्यस्वभावच आहे. क्लचचा खटका जन्माला आला तो या सुटलेल्या सावधगिरीची जागा भरून काढण्यासाठीं.

आतां गाडी उडी कां मारते तें पाहूं. इंजिन आणि चाकें यांच्या वाटेंत दोन दारें आहेत असें समजावें. पहिलें दार क्लचचें, दुसरें गिअरचें. पायानें क्लच दाबला कीं पहिलें दार बंद होतें. गिअरची दांडी मधल्या जागीं, म्हणजे न्यूट्रलमध्यें, आणली कीं दुसरें. दोहोंपैकीं एक जरी दार बंद असलें तरी इंजिनाचें फिरणें चाकांपर्यंत पोंचत नाहीं. दोन्हीं उघडीं असलीं, म्हणजे गाडी गिअरमध्यें असून क्लचवर पाय नसला, तर इंजिन फिरलें कीं चाकें फिरलींच पाहिजेत. सेल्फ ही बॅटरीवर चालणारी एक आंखूड पण जोरकस मोटर आहे. तिच्या टोकाचें लहान दंतचक्र फ्लायव्हीलच्या कडेवरील मोठ्या दंतचक्रांत अडकतें आणि सबंध इंजिन फिरवितें. त्यांत पहिला गिअर पडलेला असला तर तिचा जोर आणखी कित्येक पटींनीं वाढून चाकांवर येतो, व हजार किलोग्रॅमची गाडी ती सहज ढकलूं शकते.

ही ढकल किती मोठी, हें एका साध्या हिशेबानें कळेल. समजा, पहिल्या गिअरमध्यें इंजिनाचे १६ फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो, आणि चाकाचा घेर १.८ मीटर आहे. सेल्फनें इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांनीं फिरविलें, तर चाक मिनिटाला साडेबारा फेरे घेईल, आणि गाडी दर सेकंदाला सुमारें ३७ सेंटिमीटर, म्हणजे सवा फूट, पुढें जाईल. एवढ्यानें निभावलें तर नशीब. परंतु इंजिन पेटलें आणि मिनिटाला ८०० फेरे घेऊं लागलें, तर तीच गाडी ताशीं ५.४ किलोमीटरच्या वेगानें चालूं लागेल. हा वेग झपझप चालणाऱ्या माणसाचा आहे. पण माणूस थांबूं शकतो. गाडीला थांबविणारा मात्र गोंधळून किल्लीवरच बोट दाबून बसलेला असतो. थंडीच्या सकाळीं चोक ओढलेला असला तर इंजिनाचे फेरे, आणि त्याबरोबर गाडीचा वेग, याहूनहि अधिक. आणि भिंत व गाडी यांच्यामध्यें कोणी उभें असलें, तर सवा फुटाचें अंतरहि पुष्कळ होतें.

पुण्याच्या घरांत हा प्रसंग कसा संभवतो, हें सांगण्यास फार कल्पना लढविण्याची गरज नाहीं. सदाशिव, नारायण, शनिवार या जुन्या पेठांतील बोळ अरुंद. वाड्याच्या दिंडीशीं किंवा पुढें त्या जागीं झालेल्या इमारतीच्या खांबांमध्यें गाडी अंगाला अंग लावून उभी करावयाची. उपनगरांत जागा मोकळी, पण पुष्कळ ठिकाणीं टेकडीच्या उतरणीची. जुन्या गाडीच्या हातब्रेकाची तार कालांतरानें सैल पडते, म्हणून जाणता मालक उतारावर गाडी गिअरमध्यें टाकून ठेवतो आणि चाकाला दगड लावतो. कात्रजच्या किंवा दिवे घाटांत गाडी थांबवितांना तर असें करणें हेंच शहाणपण. परंतु रात्रीं वडिलांनीं गिअरमध्यें ठेवलेली गाडी सकाळीं मुलगा सुरू करतो. वडिलांचें शहाणपण त्याला माहीत नसतें. तो खिडकींतून हात घालून, बाहेर उभ्यानेंच, किल्ली फिरवितो. आणि चांगल्या संवयीमुळेंच अपघात घडतो.

आज ज्यांना जुन्या म्हणून जपलें जातें, त्या आपल्याकडील गाड्यांत हा खटका नव्हता. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें कुर्ल्याच्या कारखान्यांत फिएट गाड्या बनविल्या. त्याच पुढें पद्मिनी या नांवानें घरोघरीं परिचित झाल्या. उत्तरपाड्याहून हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसॅडर आली, मद्रासहून स्टँडर्ड हेरल्ड आली. यांपैकीं पद्मिनी व ॲम्बॅसॅडर यांच्या बहुतेक जुन्या गाड्यांत गिअरची दांडी स्टीअरिंगच्या खांबावर असे. जमिनीवरची दांडी कोणत्या बाजूस कलली आहे हें नजरेला कळतें. खांबावरची दांडी पहिल्या गिअरमध्यें आहे कीं न्यूट्रलमध्यें, हें नवख्याला दिसत नाहीं, हातानेंच चांचपावें लागतें. म्हणजे जेथें खटक्याची गरज अधिक, तेथेंच तो नव्हता. त्याचें काम चालकाच्या हाताला करावें लागे.

या खटक्याची रचना अगदीं साधी आहे. बॅटरीपासून सेल्फकडे विजेच्या दोन वाटा जातात. एक जाड केबलची. तिच्यांतून सेल्फला लागणारा शेंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह जातो. दुसरी बारीक तारेची; ती किल्लीपासून निघून सोलेनॉइड नांवाच्या विद्युच्चुंबकाकडे जाते. किल्ली फिरविली कीं बारीक तारेंतील अल्प प्रवाहानें सोलेनॉइडला चुंबकत्व येतें, तें जाड केबलचें तोंड जोडतें, आणि मग सेल्फ फिरतो. दरवानानें मालकाचा इशारा पाहून मोठा दरवाजा उघडावा, तसा हा प्रकार. क्लचचा खटका बसतो तो या बारीक तारेंत. पेडल वर असलें कीं खटक्याचें तोंड उघडें, तार तुटलेली, इशारा दरवानापर्यंत पोंचतच नाहीं. पेडल पूर्ण खालीं गेलें म्हणजे त्याच्या दांड्याचें टोंक खटक्याचें बोंड दाबतें, तार जोडली जाते, आणि किल्लीला अधिकार मिळतो. या व्यवस्थेंत गिअर कोणता पडला आहे याची चौकशी खटका करीत नाहीं; पहिलें दार बंद आहे एवढेंच तो पाहतो.

परदेशांत ही कल्पना टप्प्याटप्प्यानें आली. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील नॅश कंपनीच्या गाड्यांत क्लच अगदीं तळापर्यंत दाबला कींच स्टार्टर चाले. त्यामागें मुख्य हेतु सोयीचा होता. पण त्या सोयींतच सुरक्षितता आपोआप आली. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेंत कायद्यानें असें ठरविलें कीं, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांत दांडी पुढच्या किंवा मागच्या चालीवर असतां स्टार्टर चालतां कामा नये. हातानें गिअर बदलावयाच्या गाड्यांना हा नियम लागू नव्हता. परंतु पुढच्या दशकांत कारखानदारांनीं त्यांतहि क्लचचा खटका हळूहळू बसविण्यास आरंभ केला. आपल्याकडे आज त्याचा परिचय दुचाकीमुळें अधिक आहे. पुण्याजवळ चाकण येथें तयार होणाऱ्या बजाज पल्सरसारख्या मोटारसायकलींत गिअर पडलेला असतां क्लचची मूठ दाबल्यावांचून सेल्फ लागत नाहीं. ज्या घरांतील तरुणाचा हात त्या मुठीला सरावला आहे, त्यानें आजोबांच्या पद्मिनींत बसतांना तो विश्वास बाहेर ठेवून यावा. त्या गाडींत राखणदार नाहीं.

जेथें हा खटका आहे तेथें तो कधीं कधीं बिघडतोहि, आणि त्याचे बिघाड दोन तऱ्हेचे असतात. पहिल्या तऱ्हेंत तो जोडला जात नाहीं. पेडल दाबलें, किल्ली फिरविली, तरी गाडी मुकी. मालक बॅटरीला दोष देतो, नवी बॅटरीहि आणतो, गाडी तशीच. खरी परीक्षा अशी कीं, दिवे लख्ख लागतात, भोंगा खणखणीत वाजतो, आणि किल्ली फिरवितांना दिवे किंचितहि मंदावत नाहींत. अशा वेळीं बॅटरीकडे नव्हे, बारीक तारेकडे पाहावें. कारणें बहुधा क्षुल्लक असतात. पेडलाच्या दांड्यावर बोंड दाबण्यासाठीं बसविलेली रबराची किंवा प्लॅस्टिकची टिकली वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें भुगा होऊन पायाशीं पडलेली असते. किंवा पायपोसाची घडी पेडलाखालीं सरकून पेडल तळाशीं जात नाहीं. किंवा पावसाळ्यांतील ओलाव्यानें तारेच्या टोकावर हिरवा गंज चढलेला असतो. थोडी सफाई, एखादी टिकली, किंवा नाना पेठेंतील सुट्या भागांच्या दुकानांत मिळणारा एखादा खटका, एवढ्यावर काम भागतें.

पण घाईच्या वेळीं असें होत नाहीं. गाडी रस्त्यावर अडलेली, मागें भोंग्यांचा गजर, कोणीतरी मिस्त्री येतो, खटक्याच्या दोन्ही तारा सोलून एकत्र पिळतो आणि 'डायरेक्ट करून दिलें' असें सांगून निघून जातो. गाडी सुरू होते, सारे समाधानी. दोष शोधण्यापुरती अशी तार जोडणें गैर नाहीं, मात्र त्या वेळीं हातब्रेक ओढलेला, दांडी न्यूट्रलमध्यें आणि गाडीपुढें कोणी नाहीं, एवढें पाहिलें पाहिजे. गैर आहे तें तशीच तार कायम ठेवणें. कारण मुळांत खटका नसलेल्या गाडीचा मालक निदान सावध तरी असतो. डायरेक्ट केलेल्या गाडीचा नवा मालक मात्र खटका आहे असें समजून वागतो. बिघाडाची दुसरी तऱ्हा हीच. खटका जोडलेल्या स्थितींतच अडकून बसला, तरी परिणाम तोच. पहिला बिघाड गाडी बंद पाडून स्वतःची वर्दी देतो. दुसरा बिघाड मुका असतो. तो ज्या दिवशीं कळतो तो दिवस बहुधा वाईट असतो.

या खटक्याविरुद्ध जाणकारांचे दोन आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहींत. पहिला असा कीं, क्लच दाबला म्हणजे इंजिनाच्या मुख्य दंडावर लांबीच्या दिशेनें दाब येतो. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनांत तेलाचा थर ओसरलेला असतो, त्यामुळें हा दाब पेलणाऱ्या चकत्या झिजतात. ट्रायम्फ जातीच्या इंजिनांत या चकत्या नाजुक, आणि स्टँडर्ड हेरल्डचें इंजिन त्याच कुळांतलें; म्हणून अशा गाड्यांचे शौकीन न्यूट्रलमध्यें ठेवून, क्लच न दाबतां गाडी सुरू करणें पसंत करतात. उलट पक्षीं हेंहि खरें कीं, पुण्यांत जानेवारींतील पहांटे पारा १० अंशांखालीं उतरतो तेव्हां गिअरपेटींतील तेल घट्ट होतें, आणि क्लच दाबल्यानें तें घुसळण्याचा भार सेल्फवरून उतरतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रेल्वेच्या रुळांवर गाडी बंद पडली व इंजिन पेटेना, तर जुन्या गाडींत पहिला गिअर टाकून, क्लच सोडून, नुसत्या सेल्फच्या बळावर ती रुळांबाहेर ओढतां येई. घोरपडीच्या फाटकांवर वर्षानुवर्षें खोळंबलेल्या पुणेकरांना या युक्तीची किंमत समजावून सांगावयास नको. खटका ही वाट बंद करतो. टोयोटासारख्या कंपन्यांनीं डोंगराळ प्रदेशांत जाणाऱ्या आपल्या कांहीं गाड्यांत खटक्याला तात्पुरती रजा देणारें एक निराळें बटन ठेवलें, तें याच कारणानें. पण या आक्षेपांतून निघतें तें एवढेंच कीं, खटका समजून वापरावा. तो मुकाट्यानें मारून टाकावा असें त्यांतून निघत नाहीं. रुळांवरचा प्रसंग जन्मांत एखादे वेळीं. किल्ली फिरविण्याचा प्रसंग रोजचा.

जुन्या गाडीला हा खटका नव्यानें बसवितां येतो का, असा प्रश्न साहजिक आहे. जिच्यांत किल्ली व सोलेनॉइड यांमध्यें बारीक तार आहे, तींत तो बसविणें चांगल्या मिस्त्रीला कठीण नाहीं. परंतु मॉरिस मायनरसारख्या गाडींत स्टार्टरची मूठ ओढावी लागे, युद्धकाळांतील जीपमध्यें पायाखालचें बटन दाबावें लागे. तेथें जाड केबलचा प्रवाह त्या बटनांतूनच थेट जातो. त्या वाटेवर नाजुक खटका घातला तर तो जळून जाईल. अशा गाडींत आधीं सोलेनॉइड, मग खटका. मूळ रूप बिघडूं नये अशी ज्यांची इच्छा, त्यांना दुसरा उपाय आहे, आणि तो फुकटचा आहे: हँडलाच्या काळांतील तो जुना नित्यनेम.

खटका असो वा नसो, त्याच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. क्लच दाबून गाडी सुरू केली आणि गिअरमध्यें आहे हें न पाहतां पाय उचलला, तर उडी टळली नाहीं, केवळ पुढें ढकलली गेली. धक्का मारून गाडी सुरू करतांना सेल्फचा संबंधच येत नाहीं. तेथें खटक्याचें कांहीं चालत नाहीं. म्हणून क्रम असा असावा: गाडींत बसूनच गाडी सुरू करावी, खिडकींतून हात घालून नव्हे, हातब्रेक पाहावा, पाय ब्रेकवर ठेवावा, गिअरची दांडी आडवी हलवून ती मोकळी आहे याची खात्री करावी, समोर व मागें पाहावें, आणि मग किल्ली फिरवावी. किल्ली गाडींत कधींहि ठेवूं नये. स्टीअरिंगशीं खेळणाऱ्या मुलाला तर ती मुळींच सांपडूं नये.

ज्यांच्या गाडीला खटका आहे, त्यांनीं महिन्यांतून एकदां त्याची परीक्षा घ्यावी. सपाट व मोकळ्या जागेंत गाडी उभी करून, हातब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, दांडी न्यूट्रलमध्यें आणावी, आणि क्लचला न शिवतां किल्ली फिरवावी. सेल्फ गप्प राहिला तर राखणदार जागा आहे. सेल्फ फिरला तर तो झोंपला आहे, किंवा कोणीतरी त्याला झोंपविलें आहे. नव्या गाड्यांची परीक्षा घेणारी, १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था पुण्यांतच आहे. परंतु दारांत उभ्या असलेल्या जुन्या गाडीची ही परीक्षा मालकानेंच घ्यावयाची आहे, आणि तिला अर्धा मिनिटहि लागत नाहीं. हँडल मारणारा माणूस गाडीपुढें उभा होता, म्हणून दांडी तपासली जात होती. आज गाडीपुढें कोण उभें आहे, हें आंत बसलेल्यानेंच आठवावयाचें आहे.